१९९१ ला देश वाचवला, १९९६ ला आपटले: मतदाराला चांगली अर्थनीती दिसत नाही का?

सदाशिवपेठी (धागाकर्ता)

जून १९९१ ला देशाकडे जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं होतं. सोनं गहाण टाकायची पाळी आली. नरसिंह राव आले, मनमोहन सिंगांनी रुपयाचं अवमूल्यन केलं, लायसन्स राज बरंचसं मोडीत काढलं. १९९५-९६ पर्यंत विकासदर सातच्या पुढे. त्याचं फळ काय? १९९६ ला काँग्रेस १४० जागांवर, म्हणजे आणीबाणीनंतरच्या पराभवापेक्षाही खाली. कडी म्हणजे खुद्द मनमोहन सिंग १९९९ ला दक्षिण दिल्लीतून लोकसभेला उभे राहिले आणि पडले. नोकरदार, शिकलेल्या मध्यमवर्गाचा मतदारसंघ! सुधारणांचा पहिला घास ज्यांच्या ताटात पडला त्यांनीच घरी बसवलं.

२००४ ला वाजपेयींचं तेच. विकासदर आठच्या घरात, मोबाइलवर इनकमिंग फुकट झालेलं, सुवर्ण चतुष्कोन महामार्गांचं काम जोरात. 'इंडिया शायनिंग' म्हणत मुदतीआधी निवडणूक घेतली आणि १३८ वर अडकले.

माझं मत असं, की फटका लगेच बसतो आणि तो कुणी मारला हे सगळ्यांना माहीत असतं. फायदा उशिरा येतो आणि बेवारस येतो. जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पात खतं ४० टक्क्यांनी महागली (ओरड झाल्यावर ३० वर आणली). कुणी महाग केली हे त्याच आठवड्यात गावोगावी पोचलं. उलट टेलिफोनला नंबर लावून वर्षानुवर्षं ताटकळलेल्या माणसाच्या हातात पुढे मोबाइल आला, तेव्हा त्याने कंपनीचं कौतुक केलं. १९९४ आणि १९९९ च्या दूरसंचार धोरणांची आठवण कुणाला? आपल्या आधी नंबर लागावा म्हणून खासदाराची चिठ्ठी आणायचो, हेसुद्धा लोक विसरलेत.

निफाडकर

नेहमीचं पुणेरी रडगाणं: धोरण शहाणं, मतदार खुळा. आधी हे सांगा, यश कुणाचं? ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क आलं, ८ डिसेंबरला थेट निर्यातबंदी. दिल्लीतल्या कागदावर हे भाव आटोक्यात ठेवण्याचं यशच होतं. आमच्याकडे त्या दिवशी लासलगावात लिलाव बंद पडले. भरलेला ट्रॅक्टर बाजार समितीच्या आवारात उभा, डिझेल गेलं, मजुरी गेली, आणि लाल कांदा तर चाळीत टिकतही नाही. मिळेल त्या भावाला द्यायचा. तुमच्या ताटातली स्वस्त कोशिंबीर आमच्या खिशातून आली होती. मग २०२४ च्या लोकसभेला दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री शाळामास्तरांकडून लाखाच्या वर मतांनी पडल्या. मतदाराला धोरण दिसत नाही म्हणता? अगदी तारखेसकट दिसतं.

आकडेमोड

दोघांचंही गृहीतक कच्चं आहे. २००४ ला महाराष्ट्रात युतीने ४८ पैकी २५ जागा घेतल्या. इथे कुणी 'शायनिंग'ला झिडकारलं? द्रमुक वाजपेयींची आघाडी आधीच सोडून गेलेला, आंध्रात चंद्राबाबू झोपले, तिथे सत्ता गेली. काँग्रेसच्या मतांची टक्केवारी तर १९९९ पेक्षा कमीच होती. ९६ चंही तसंच: बाबरी, हर्षद मेहता, हवाला, आणि तमिळनाडूत जयललितांशी युती करून पक्ष फोडून घेतला, तिथे शून्य जागा. निकालाचं अर्थशास्त्र लोक नंतर लिहितात.

सदाशिवपेठी

@आकडेमोड, युत्यांचं गणित मान्यच. पण दक्षिण दिल्लीत ना जयललिता होत्या ना चंद्राबाबू. शिवाय सात टक्क्यांचं श्रेय कुणी दिलं असतं तर हवाल्याचा डाग थोडा तरी फिका पडला असता ना? श्रेयाच्या खात्यात काही जमाच झालं नाही, हाच माझा मुद्दा.

आकडेमोड

९९ ला कारगिलनंतर दिल्लीच्या सातही जागा भाजपने घेतल्या. मनमोहन सिंगांच्या जागी कुणीही असता तरी पडला असता. एका उदाहरणावर सिद्धांत उभारू नका.

एडिसनवासी

इकडे न्यू जर्सीत बसून २०२४ पाहिलं. जून २०२२ ला महागाईचा दर ९.१ टक्के होता, निवडणुकीपर्यंत तो अडीचच्या आसपास आला. बेरोजगारी चारच्या जवळपास. अर्थतज्ज्ञ खूश, सत्ताधारी पक्ष मात्र हरला. कारण दर उतरला म्हणजे भाव उतरले असं नसतं, ते फक्त सावकाश चढतात. दुकानात लोक २०१९ च्या पावतीशी तुलना करत होते. आणि आमच्या ऑफिसातला सार्वत्रिक हिशोब: पगारवाढ झाली ती माझ्या कष्टाने, अंडी महागली ती बायडनमुळे. त्यात देशी, गोरे असा काही फरक दिसला नाही.

भंडाऱ्याची_सून

लाडकी बहीण कुणीच कशी काढली नाही? जुलै २०२४ पासूनचे दीड-दीड हजार, थेट खात्यात, मेसेजसकट. लोकसभेला दणका खाल्लेली महायुती नोव्हेंबरला विधानसभा झोडपून गेली. इतरही कारणं असतील, पण माझ्या सासूबाई जीडीपी विचारत नाहीत, पासबुक भरून आणायला लावतात. पोचलं ते लक्षात राहतं, एवढं साधं आहे. त्यांना विसराळू म्हणू नका.

सदाशिवपेठी

मग ताई, पुढचं सरकार वीस वर्षांनी फळ देणारं काम कशाला करेल? बंदर, धरण, करप्रणाली यांचा मेसेज मोबाइलवर येत नाही. सगळे हप्तेच वाटतील. आणि @निफाडकर, तारखेसकट दिसतं म्हणालात, मग सहाच महिन्यांत नाशिक जिल्ह्याने जवळजवळ सगळे आमदार महायुतीला कसे दिले? कांदा विसरलात की पंधराशे आठवले?

निफाडकर

बहिणींचं बहिणींना विचारा, आमच्या घरात दोन्ही मतं पडली. कांद्याचं सांगतो. निर्यातबंदी उठवली कधी? ४ मे २०२४, आमचं मतदान २० मेला. तरी टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवलंच होतं. दिंडोरी गेल्यावर, विधानसभेच्या तोंडावर, १३ सप्टेंबरला ५५० ची अट काढली आणि शुल्क २० वर आणलं. शेतकऱ्याने ते पाहिलं आणि मत दिलं. शुल्क पुन्हा वाढवून बघा, मग सांगतो कोण विसरतं ते.