एआयची कोणती बटणं बंद केलीत? आपापले अनुभव लिहा

गंगापूररोडकर
काल भाचीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आम्ही दोघी बसलो होतो. तिने उत्पन्नाचा दाखला, आधार आणि पासबुक, तिन्हींचे फोटो काढले आणि "मावशी, यावरून अर्ज लिहून घेते" म्हणत चॅटजीपीटीत टाकायला निघाली. मी तिला थांबवलं आणि एकदम अण्णा आठवले. नाशिकला सीबीएस बसस्टँडजवळ झेरॉक्स काढली की अण्णा दुकानातच खिशातलं पेन काढायचे. प्रतीवर दोन तिरप्या रेघा, मधे "फक्त गॅस कनेक्शनसाठी", खाली तारीख आणि सही. मशीनमधून काळी पडून आलेली प्रतसुद्धा मागून घ्यायचे आणि फाडून पिशवीत टाकायचे. दुकानदार हसायचा. अण्णा म्हणायचे, कागद ज्या कामाला दिला त्याच कामाला लागला पाहिजे.

फोटोवर अशा रेघा मारून भागत नाही. म्हणून भाचीला आधी सेटिंग्जमध्ये नेलं. तिथे 'डेटा कंट्रोल्स'मध्ये 'इम्प्रूव्ह द मॉडेल फॉर एव्हरीवन' असं बटण आहे. फुकटच्या खात्यात ते आधीपासून चालूच असतं, म्हणजे आपण लिहिलेलं पुढच्या मॉडेलच्या शिकवणीला वापरलं जाऊ शकतं. ते बंद केलं. मग अर्जाचा मसुदा नाव, नंबर न घालता लिहून घेतला आणि रिकाम्या जागा तिने हाताने भरल्या. आधार लागलंच तर मास्क केलेलं, ज्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून ते आपलं आपल्याला उतरवता येतं.

तुम्ही काय काय बंद केलंत, घरच्यांना कसं पटवलंत, लिहा. मला आईच्या फोनसाठीही हवंय.

सातपूरचा_हिशेबनीस
अण्णांना नमस्कार. आमच्या हापिसात हीच सवय लावतोय. पोरं पार्टीचा, म्हणजे गिऱ्हाइकाचा, ताळेबंद उचलून थेट एआयमध्ये टाकायची, "सर, नोट लिहून मिळते." आता नियम असा की पॅन, जीएसटी नंबर, खाते क्रमांक, पार्टीचं नाव काहीही जाणार नाही. 'पक्ष अ', 'पक्ष ब' लिहायचं. आकडेसुद्धा गरज असेल तरच. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २०२५ च्या जानेवारीत आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन कॉम्प्युटरवर चॅटजीपीटी, डीपसीक वापरू नका असं सांगितलं होतं. त्याची प्रिंट काढून भिंतीवर लावलीय. सेटिंग बंद करणं ठीकच आहे, पण पार्टीने कागद आपल्या विश्वासावर दिलेत. तो विश्वास एका बटणावर सोडता येत नाही.

निफाड_बागायतदार
द्राक्षाचं डाऊनी (बुरशीचा रोग) पडलेलं पान टाकलं की गुगलचं जेमिनी बरोबर ओळखतं, खोटं का बोला. रात्री अकराला सल्ला द्यायला दुसरं कोण जागं असतं. पण दोन गोष्टी करतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद. नाहीतर फोटोच्या पोटात प्लॉट कुठे आहे ते जातं. आणि फवारणीची वही टाकत नाही. कधी काय मारलं, पीएचआय (फवारणीनंतर काढणीपर्यंत थांबायचे दिवस) किती उरला, हे माझं आणि माल घेणाऱ्याचं. निर्यातीच्या मालाची रेसिड्यू (औषधाचा उरलेला अंश) तपासणी असते, तिथली एक एक नोंद जपावी लागते.

जेमिनीत अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये जाऊन आपोआप पुसायची मुदत ३ महिने करून ठेवा. आपण काही केलं नाही तर ती १८ महिने असते. पूर्ण बंद केलं तरी ७२ तास चॅट त्यांच्याकडे राहतं. आणि जे चॅट त्यांच्या माणसांनी तपासायला घेतलं ते ३ वर्षांपर्यंत राहू शकतं, आपण पुसलं तरी. हे त्यांनीच लिहून ठेवलंय, वाचत कोणी नाही.

एका शेती सल्ल्याच्या अ‍ॅपने तर कॉन्टॅक्ट मागितले. पानावरचा रोग ओळखायला माझ्या व्याह्यांचा नंबर कशाला पाहिजे? काढून टाकलं.

ओझरवाली
@निफाड_बागायतदार भाऊ यंदा छाटणी कधी धरली? आमच्याकडे पावसाने फार हाल केले.

निफाड_बागायतदार
ऑक्टोबरच्या सुरुवातीला ताई. तुमच्याकडे घड जिरले का?

ओझरवाली
निम्म्या बागेत. बघू, देव आहे.

सिडको_४
वॉट्सअ‍ॅपमधला तो मेटा एआयचा निळा गोल निघतो का? आईचं बोट सारखं त्यावर पडतं. काल त्याला भाजीची यादी पाठवली.

सातपूरचा_हिशेबनीस
निघत नाही. पण घाबरू नका, घरच्यांशी होणारं बोलणं एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतं, म्हणजे मधल्या कोणाला वाचता येत नाही, तो गोल ते आपणहून वाचत नाही. त्याच्याशी जे बोलाल, किंवा ग्रुपमध्ये त्याला @ लावून बोलवाल, ते मात्र त्यांच्याकडे जातं. ग्रुपच्या नावावर टॅप करा, खाली 'अ‍ॅडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी' दिसेल, ती चालू करा. मग त्या ग्रुपमध्ये एआयला बोलवता येत नाही, चॅट एक्स्पोर्ट होत नाही, फोटो आपोआप गॅलरीत उतरत नाहीत. स्क्रीनशॉट मात्र कोणीही काढू शकतं, ते लक्षात असू द्या.

सिडको_४
झालं. आमच्या "कुटुंब" ग्रुपवर लगेच काकांचा फोन, "काय केलंस, मला ग्रुपमधून काढलं का?" 😄

पंचवटीतल्या_बाई
मी सातवी-आठवीला शिकवते. एआयने साडीतले फोटो बनवायची लाट आली तेव्हा पालकांनी स्नेहसंमेलनातले मुलींचे फोटो टाकून नऊवारी नेसवल्या. दिसायला गोड, पण एका फोटोत मागे अजून चार मुली उभ्या होत्या. त्यांच्या आईबापांना कोणी विचारलं? मी वर्गाच्या ग्रुपवर तेवढंच लिहिलं. दोघांना राग आला, बाकीच्यांनी फोटो काढून टाकले.

आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले. बऱ्याचशा तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतायत. त्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती लागणार आहे. आणि मला सगळ्यात पटलेली गोष्ट ही की संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती परत घेणं सोपं हवं. आज उलट आहे. 'सहमत' एका टिचकीत, आणि 'नको' म्हणायला चार पडदे ओलांडायचे. मुलांना मी वर्गात हे चार पडदेच दाखवते. परीक्षेला येणार नाही, तरी दाखवते.

इंदिरानगर_लेक
आईच्या रिपोर्टचं सांगते. थायरॉइड, क्रिएटिनिन, सगळं इंग्रजीत, आणि डॉक्टरांची वेळ चार दिवसांनी. मी विचारते, पण आधी फोटो कापते. वरची पट्टी जाते, त्यात नाव, वय, मोबाईल, बारकोड सगळं असतं. खालची सहीची पट्टीही जाते. मधले आकडे तेवढे राहतात. आणि चॅटजीपीटीत 'टेम्पररी चॅट' उघडून विचारते. ते इतिहासात दिसत नाही, शिकवणीला जात नाही, ३० दिवसांपर्यंत त्यांच्याकडे राहून मग पुसलं जातं.

चुलतभावाने मात्र रिपोर्टचं एक साधं चॅट 'शेअर लिंक' करून नातेवाइकांत फिरवलं. वरची पट्टी न कापता. ती लिंक ज्याच्या हाती पडेल तो वाचू शकतो. २०२५ मध्ये अशा कित्येक लिंका गुगलवर सापडत होत्या, मग कंपनीने शोधात दिसण्याचा तो पर्यायच काढला. भावाला 'डेटा कंट्रोल्स'मध्ये 'शेअर्ड लिंक्स' दाखवलं, तिथून लिंक पुसली. आईला यातलं काही सांगितलं नाही.

मेरीचा_शेखर_नव्हे
सगळे एवढे काय लपवताय? आपण काय मंत्री आहोत?

नाशिकरोड_निवृत्त
मी इथल्या सरकारी प्रेसमध्ये (नोटा, मुद्रांक छापतात तिथे) नोकरी केली. आत काय चालतं ते घरी बोलायचं नाही, जाता-येता झडती. त्यात आम्हाला कधी अपमान वाटला नाही, कामाचा भाग होता तो. पण घर म्हणजे प्रेस नाही. घरात माझी झडती का म्हणून? २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो हक्क मंत्र्याला आहे तसाच भाजीवाल्या मावशीलाही.

मेरीचा_शेखर_नव्हे
काका, तसं नव्हतं म्हणायचं. मान्य.

नाव_नको
लिहू की नको असं करत होते. लपवण्याचं विचारलंत म्हणून लिहिते.

सासरी जे चाललंय ते कोणाला सांगता येत नव्हतं. माहेरी सांगितलं तर दादा गाडी काढून येईल आणि वाढेल. म्हणून रात्री भांडी झाली की ओट्याशी उभी राहून एआयला लिहायचे. सगळं. नावासकट. बरं वाटायचं, खरंच. सकाळी चॅट पुसायचे. एक दिवस मुलाने त्याच फोनवर त्याच अ‍ॅपमध्ये विज्ञानाचा प्रकल्प विचारला, आणि उत्तरात शेवटी आलं, की घरातल्या तणावात आईलाही थोडा आराम मिळू दे. मुलगा नववीत आहे. त्याने फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिला.

मी तर रोज पुसत होते. मग हे कुठून आलं?

इंदिरानगर_लेक
ताई, आधी तुम्हाला घट्ट मिठी.

चॅटजीपीटी असेल तर चॅट पुसलं तरी 'मेमरी' वेगळी राहते. सेटिंग्ज → पर्सनलायझेशन → मेमरी, तिथे 'मॅनेज'मध्ये त्याने तुमच्याबद्दल लिहून ठेवलेल्या ओळी दिसतील. एकेक पुसा किंवा सगळ्या पुसा. मग मेमरीचं बटण बंद, आणि त्याच्याच खाली जुन्या गप्पांचा संदर्भ घेण्याचं बटण आहे तेही बंद. मुलाला वेगळं खातं काढून द्या. फोनला अ‍ॅपलॉक.

पंचवटीतल्या_बाई
ताई, मुलाला तुम्ही काय सांगितलंत ते सांगायची गरज नाही. पण नववीतली मुलं आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप समजून घेतात, हे मी रोज बघते. आणि एआयशी बोला, पण एका माणसाशीही बोला. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, फुकट आहे. फोन केल्यावर कॉलच्या यादीतून नंबर काढून टाका.

ओझरवाली
ताई मी जवळच आहे. चहाला या, द्राक्षं नाही तर बोरं तरी देईन.

नाव_नको
सगळ्यांचे आभार. रात्री करते हे सगळं.

त्र्यंबकचा_पाहुणा
थोडं वेगळं आहे, पण इथेच लिहितो. वडिलांच्या कार्यासाठी त्र्यंबकला गेलो होतो. उपाध्यायांनी गाव, आडनाव विचारलं आणि आतून बाड (घराण्यांच्या नोंदींची जुनी वही) आणलं. पणजोबांची सही निघाली! मोडीत. मला काही वाचता येईना. धाकट्याने लगेच फोन काढला, "एआय वाचून देईल." उपाध्यायांनी पानावर तळहात ठेवला. म्हणाले, तुमच्या ओळीचा फोटो घ्या, पण याच पानावर दुसऱ्या तीन घराण्यांची नावं आहेत, ती त्यांना विचारल्याशिवाय देता येणार नाहीत. मग पांढऱ्या कागदाने वरचं-खालचं झाकून तेवढ्याच दोन ओळींचा फोटो घेऊ दिला. एआयने जे वाचलं त्यात गावाचं नाव चुकलं होतं, ते त्यांनीच दुरुस्त करून सांगितलं.

तेव्हापासून कोणताही फोटो टाकायच्या आधी बघतो, यात अजून कोण आहे. गुरुजींना कायदा ठाऊक असेल-नसेल, पण त्यांच्या तळहाताएवढी नेमकी सेटिंग मला कुठल्या अ‍ॅपात दिसली नाही.

नाशिकरोड_निवृत्त
पणजोबांचं साल कळलं का?

त्र्यंबकचा_पाहुणा
शके होतं काका. पंचांगवाल्यांकडून इंग्रजी साल काढून घेतोय. मोडी शिकवणारं कोणी माहीत असेल तर सांगा, उरलेलं स्वतः वाचायचंय.

नाशिकरोड_निवृत्त
आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एक गृहस्थ शिकवतात. त्यांना विचारतो आणि मग कळवतो. त्यांच्या परवानगीशिवाय नंबर इथे टाकत नाही.

नाव_नको
केलं. मेमरीत बारा-तेरा ओळी होत्या, वाचताना हात थरथरला. सगळ्या पुसल्या. मुलाचं खातं वेगळं केलं. एक विचारायचं राहिलं, घरच्या कॉम्प्युटरवरही कधीतरी उघडलं होतं. तिथे परत सगळं करावं लागेल का?

इंदिरानगर_लेक
नाही ताई, ही बटणं खात्याला जोडलेली असतात. त्याच खात्याने उघडलंत तर तिथेही बंदच दिसतील. पण तिथे खातं उघडं राहिलं असेल तर दुसरं कोणीही बसून वाचेल. सेटिंग्जमध्ये 'सिक्युरिटी'त 'लॉग आऊट ऑफ ऑल डिव्हायसेस' आहे, ते आत्ताच दाबा. मग पासवर्ड बदला, आणि नवीन पासवर्ड घरातल्या कोणाच्या वाढदिवसाचा ठेवू नका.