हत्याराचा दर्जा बनावटीच्या देशावरून ठरवावा काय?

माग-देखभाल, अक्कलकोट रोड एमआयडीसी:
सोलापुरात यंत्रमाग दुरुस्त करणारे आपण बहुतेक जण पाना किंवा पक्कड घेताना आधी देश पाहतो. जर्मन असेल तर डोळे मिटून घेतो आणि चिनी असेल तर हातही लावत नाही. ही सवय सोडावी, असे माझे ठाम मत आहे. ‘क्रोम व्हॅनेडियम’ (एक मजबूत मिश्र पोलाद) ही अक्षरे पान्यावर कोणीही उमटवू शकतो. पण पाणी दिल्यानंतर, म्हणजे लालभडक पोलाद झटकन थंड करून कडक केल्यानंतर, ते भट्टीत पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा काढला नसेल तर पाना ऐन जोरात तडकतो, आणि तो नरम राहिला असेल तर घट्ट बसलेल्या नटावर त्याचे तोंड फाकून नटाचे कोपरेच गोल होतात. हे काम नेटके करणारे कारखाने जालंधरमध्ये आहेत, तैवानच्या ताइचुंग भागात आहेत आणि चीनमध्येही आहेत. ब्रिटनने १८८७ साली मर्चंडाइज मार्क्स कायदा केला, तो ब्रिटिश म्हणून खपवला जाणारा परदेशी माल ओळखू यावा म्हणून. ‘मेड इन जर्मनी’ हा शिक्का त्यातूनच रुळला, म्हणजे आज ज्याच्यावर आपण विसंबतो ती तेव्हा गिऱ्हाइकाला दिलेली सावधगिरीची सूचना होती.

हार्डवेअर दुकानदार:
दादा, भट्टीचे महत्त्व मला मान्य आहे, पण माझ्या काउंटरपुढे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला भट्टी दिसत नाही. आपल्या सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि दुसरीकडे विणलेली चादर या नावाने विकली गेली की आपणच चिडतो. मग जर्मनीत सोलिंगेन शहराचे नाव सुरी-कात्रीवर घालण्यासाठी माल तिथेच तयार व्हावा लागतो, त्या नावावर लोकांनी विश्वास ठेवला तर त्यात काय चुकले? ठिकाणाच्या नावामागे पिढ्यांचे कसब असते. निर्मात्याचे नावच नसलेला पाना तुटला, तर तक्रार कोणाकडे न्यायची?

माग-देखभाल, अक्कलकोट रोड एमआयडीसी:
आपली दोन्ही उदाहरणे नियमाने राखलेल्या नावांची आहेत. देशाच्या शिक्क्यामागे तसा दर्जाचा नियम नसतो. एकाच देशातून उत्तम पानाही येतो आणि टाकाऊही. निर्मात्याचे नाव हवे, हे मात्र अगदी खरे. टपारिया या हत्यारे बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना आपल्याच राज्यात, नाशिकच्या सातपूरला आहे, आणि ती पक्कड मागणारा गिऱ्हाईक देशाचे नव्हे, कंपनीचे नाव घेतो.

वायरमन, होटगी रोड:
विजेच्या कामात हा वाद जिवावर बेतू शकतो, म्हणून लिहितो. पकडीच्या मुठीवरचे रंगीत प्लास्टिक म्हणजे विद्युतरोधन नव्हे. आयईसी ६०९०० या विजेच्या हत्यारांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १००० व्होल्टपर्यंतच्या कामासाठी बनवलेल्या हत्याराची १०,००० व्होल्टवर चाचणी घेतली जाते आणि त्यावर दुहेरी त्रिकोणाचे चिन्ह असते. माझ्या हाताखालच्या मुलांना मी देश विचारू देत नाही. आधी हे चिन्ह पाहायला लावतो.

हार्डवेअर दुकानदार:
चिन्हही खोटे छापता येते, भाऊ. अधिकृत वितरकाचे बिल नसेल तर तो त्रिकोणही नुसती शाईच आहे. ज्या मालाचे बिल कारखान्यापर्यंत मागे नेता येते तोच मी ठेवतो, आणि माझ्या व्यवहारात असा माल अजूनही ठरावीक देशांतूनच येतो. म्हणून देश पाहणे मी सोडणार नाही.