गर्भातला रासायनिक संपर्क आणि मोठेपणीचे चयापचय

प्रश्न: संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्या रसायनांशी गर्भावस्थेत आलेला संपर्क तेव्हाच संपत असेल, तर त्याचा परिणाम मोठेपणीच्या चयापचयावर कसा होतो?

प्रतिसाद: संपर्क संपतो, पण पेशींना लागलेले वळण टिकू शकते. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ ब्रूस ब्लुमबर्ग यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवले, की पूर्वी जहाजांच्या तळाच्या रंगात वापरले जाणारे ट्रायब्युटिलटिन गाभण उंदीर-माद्यांना दिले असता पिल्लांमध्ये अधिक चरबी साठते. हे रसायन पीपीएआर-गॅमा या ग्राहीला (चरबीच्या पेशी घडवणारी जनुके सुरू करणाऱ्या, पेशीतल्या प्रथिनाला) चालना देते आणि हाड किंवा चरबी यांपैकी काहीही होऊ शकणाऱ्या मूळ पेशी चरबीकडे झुकतात.

प्रतिसाद: माझ्या मते मात्रेइतकीच वेळही महत्त्वाची आहे. डाएथिलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत अत्यल्प प्रमाणात दिलेल्या उंदीर-माद्या प्रौढपणी लठ्ठ झाल्या. माणसांत मात्र आहार आणि आनुवंशिकता वेगळी काढणे कठीण असते, म्हणून सारे खापर रसायनांवर फोडू नये.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. घरी सात महिन्यांचे बाळ आहे, म्हणून काळजी वाटते. दुधाच्या बाटलीचे काय करावे?

प्रतिसाद: काचेची किंवा स्टीलची घ्यावी, आणि प्लॅस्टिकच्या भांड्यात दूध गरम करणे टाळावे, कारण उष्णतेने रसायने अधिक पाझरतात.