मदत हवी आहे: पाचटाच्या आगीत होरपळलेला टॉवरचा पाय

उसाच्या फडातल्या १३२ केव्ही वीजवाहिनीच्या लॅटिस टॉवरचे (जस्त चढवलेल्या पोलादी अँगलच्या जाळीदार मनोऱ्याचे) दोन पाय पाचट पेटून होरपळलेत. पहिल्यावर नुसती काजळी होती. ती धुतल्यावर मीटर जस्ताच्या थराची जाडी ९० ते १०५ मायक्रॉन दाखवतो. किमान लागणारं जस्त ६१० ग्रॅम प्रति चौरस मीटर, म्हणजे साधारण ८५ मायक्रॉन, त्यामुळे तो पाय तसाच ठेवतोय.

अडचण दुसऱ्याची आहे. बुंध्याशी साचलेला ढीग बराच वेळ धुमसला. तिथे जस्ताचे पापुद्रे नखाने निघतात, खाली जस्त-लोखंडाच्या मिश्रधातूचा करडा थर दिसतो. अँगलच्या कडेला जस्ताचे गोठलेले थेंब आहेत, म्हणजे तापमान जस्ताच्या वितळणबिंदूपुढे, ४१९ अंश सेल्सिअसच्या वर गेलं होतं. दोरी लावून पाहिलं, अँगल सरळ आहे. पोलादाच्या ताकदीपेक्षा भीती वेगळीच आहे: वितळलेलं जस्त ताणाखालच्या भागात शिरून बारीक तडे पाडतं.

बोल्ट एकेक करून बदलणारच. पण भोकांच्या कडा डाय पेनिट्रंटने (तड्यात शिरून तो दाखवणाऱ्या रंगीत द्रवाने) तपासायच्या तर आधी जस्त काढावं लागेल, नाहीतर तडा झाकलेलाच राहील. ग्राइंडर मारला तर तड्याचं तोंड लिंपलं जातं. तुम्ही जस्त कशाने काढता? आणि खताचं पाणी लागणाऱ्या बुंध्याला झिंक-रिच पेंट (जस्ताची पूड भरपूर असलेला रंग) टिकतो, की जस्ताचा थर्मल स्प्रेच (वितळलेल्या जस्ताचा फवारा) करावा?