ग्रामीण काउंटीत घराचं बिल्डिंग परमिट: अर्जाआधी काय काय हातात असावं?

प्रश्न (माळरान)

अमेरिकेत मिडवेस्टमधली एक ग्रामीण काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग), शहराच्या हद्दीबाहेरची ५ एकर मोकळी जागा. त्यावर एकमजली, जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटच्या स्लॅबवरचं ३ बेडरूमचं घर आणि बाजूला ३० बाय ४० फुटांचं वर्कशॉप बांधायचं आहे. सार्वजनिक पाणी आणि सांडपाण्याची लाइन नाही, म्हणजे बोअर आणि सेप्टिक. वीज रस्त्यापर्यंत आलेली आहे. काउंटीच्या वेबसाइटवर अर्जाचा दोन पानी फॉर्म आहे, त्यापलीकडे काहीच माहिती नाही.

ऑनलाइन मिळणारा तयार प्लॅन विकत घेऊन थेट अर्ज केला तर चालतो का? वर्कशॉपला ‘शेतीची इमारत’ म्हणून परमिट लागत नाही असं ऐकलंय, ते खरं आहे का? आणि कंत्राटदार न नेमता मालकाच्याच नावावर परमिट मिळतं का?

---

उत्तर (ड्रेनफील्ड)

प्लॅन सगळ्यात शेवटी घ्या. ग्रामीण भागात घर कुठे आणि केवढं होणार हे आर्किटेक्ट ठरवत नाही, माती ठरवते.

पहिला फोन काउंटीच्या आरोग्य विभागाला (काही ठिकाणी त्याला एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ म्हणतात). सेप्टिकचं परमिट तिथून मिळतं, आणि बहुतेक काउंट्या ते हातात असल्याशिवाय बिल्डिंगचा अर्ज टेबलावरसुद्धा घेत नाहीत. आधी मातीची तपासणी होते. जुनी पद्धत पर्क टेस्टची: खड्ड्यात पाणी ओतायचं आणि पातळी एक इंच उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजायचं. आता बऱ्याच राज्यांत बॅकहोने (जेसीबीसारखं यंत्र) चर खणून मृदातज्ज्ञ थर वाचतो. चराच्या भिंतीत राखाडी मातीत गंजासारखे तांबूस ठिपके दिसले, तर पावसाळी ऋतूत भूजल तिथपर्यंत चढतं असा त्याचा अर्थ. चर खणला त्या दिवशी तो कोरडा ठणठणीत असला तरी निकाल त्या ठिपक्यांवर लागतो. ठिपके फार वर असतील तर साधं ड्रेनफील्ड (टाकीतून आलेलं पाणी जमिनीत मुरवायची जागा) मिळत नाही. मग वाळूचा उंचवटा करून त्यावर माउंड सिस्टिम बसवावी लागते, आणि तिचा खर्च साध्या सिस्टिमच्या दुप्पट-तिप्पट सहज होतो.

सेप्टिकचा आकार माणसांवर ठरत नाही, बेडरूमवर ठरतो. ३ बेडरूमला १००० गॅलनची टाकी हा सर्वसाधारण हिशेब. इथेच तयार प्लॅन गोत्यात आणतो: प्लॅनवर ‘ऑफिस’ लिहिलेल्या खोलीला दार, खिडकी आणि कपाट असेल तर आरोग्य विभाग ती चौथी बेडरूम धरतो. सेप्टिक ३ चं मंजूर, प्लॅन ४ चा, आणि दोन्ही अर्ज अडकून पडतात. त्या खोलीचं कपाट काढा किंवा सेप्टिकच ४ बेडरूमचं करून घ्या. पुढे कधी खोली वाढवायची शक्यता असेल तर दुसरा मार्ग शहाणपणाचा.

अंतरं: बोअरपासून टाकी साधारण ५० फूट आणि ड्रेनफील्ड १०० फूट, असं पुष्कळ राज्यांत आहे. तुमच्या राज्याचा आकडा विचारून घ्या. ही अंतरं शेजाऱ्याच्या बोअरलाही लागू होतात, त्यामुळे त्याचा बोअर साइट प्लॅनवर दाखवावा लागतो. शिवाय बहुतेक ठिकाणी ड्रेनफील्डएवढीच आणखी एक राखीव जागा सोडावी लागते, पहिलं निकामी झालं तर दुसरं बसवायला. त्या जागेवर वर्कशॉप, ड्राइव्हवे, विटांचा ढीग, काहीही चालत नाही. काँक्रीटचा ट्रक एकदा वरून गेला की माती दबते आणि मंजूर झालेली जागा रद्द होऊ शकते. काम सुरू व्हायच्या आधी दोन्ही जागांना दोरी बांधून टाका.

५ एकर ऐकायला खूप वाटतं. सेटबॅक (हद्दीपासून आणि रस्त्यापासून सोडायचं किमान अंतर), बोअर, ड्रेनफील्ड, राखीव जागा आणि एखादा ओढा वजा केला की घरासाठी एकदोनच ठिकाणं उरतात. प्लॅन त्या ठिकाणासाठी निवडायचा असतो.

---

उत्तर (धुरेवरचा)

ड्रेनफील्ड यांच्याशी सहमत, पण एक पायरी त्याच्याही आधीची. झोनिंग कार्यालयात (कुठली जमीन कशासाठी वापरता येते ते इथे ठरतं) पार्सल नंबर, म्हणजे जमिनीच्या तुकड्याचा नंबर, द्या आणि विचारा: या जागेचा झोन कोणता, त्यात एका कुटुंबाचं घर थेट चालतं की वेगळी मंजुरी लागते, आणि हा तुकडा कायदेशीररीत्या पाडलेला आहे का. शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत. जुन्या मालकाने काउंटीची मंजुरी न घेता जमीन तोडून विकली असेल, तर डीड (खरेदीखत) नोंदलेलं असूनही त्यावर परमिट मिळत नाही. इथे सातबारा नाही; रेकॉर्डरच्या कार्यालयात डीडची नोंद झाली म्हणजे झोनिंगने तुकडा मान्य केला असं होत नाही.

सेटबॅक डांबराच्या कडेपासून मोजू नका. काउंटी रोडचा राइट-ऑफ-वे (रस्त्यासाठी राखलेला पट्टा) बऱ्याचदा ६० फूट असतो, मध्यरेषेच्या दोन्हीकडे ३०-३०. डांबर २० फुटांचं असेल तर कडेपासून पुढची २० फूट जमीनही रस्त्याचीच. समोरचा सेटबॅक ५० फूट म्हणजे घर डांबरापासून ७० फूट मागे. काही काउंट्या सरळ मध्यरेषेपासून आकडा देतात, तेव्हा वाक्य नीट वाचा. आणि वेबसाइटवरच्या नकाशातल्या हद्दीच्या रेषा कर आकारणीसाठी असतात, त्या कित्येक फूट सरकलेल्या निघतात. बांधकाम हद्दीजवळ जात असेल तर सर्व्हेअरकडून खुणा शोधून घ्या.

फेमाचा (केंद्र सरकारची आपत्ती व्यवस्थापन संस्था) पूरनकाशा त्याच दिवशी बघा. जमिनीचा बांधकामाचा भाग ‘ए’ झोनमध्ये (पुराचा मोठा धोका असलेला भाग) असेल तर घरच काय, भराव घालायलाही फ्लडप्लेन (पूरक्षेत्राचं) परमिट लागतं. नकाशात पूरपातळीचा आकडा दिलेला नसेल (ग्रामीण भागात हे नेहमीचंच), तर तो काढण्याचं काम अर्जदाराच्या गळ्यात येऊ शकतं.

ड्राइव्हवेचं परमिट वेगळं. काउंटी रोड असेल तर काउंटीचा रस्ते विभाग, राज्य महामार्ग असेल तर राज्याचा परिवहन विभाग. कल्व्हर्टचा (ड्राइव्हवेखालून पाणी जायची मोरी) पाइप किती व्यासाचा, हे ते ठरवतात. दुकानात स्वस्त मिळाला म्हणून आधी आणू नका. वळणावर किंवा चढाच्या माथ्याजवळ जागा असेल तर दोन्हीकडे पुरेसं दिसतं का, ते बघायला माणूस येतो. घराचा पत्ता बऱ्याच ठिकाणी ड्राइव्हवे मंजूर झाल्यावरच मिळतो, आणि पत्त्याशिवाय वीज कंपनी अर्ज घेत नाही.

रस्त्यापासून घर लांब असेल तर अग्निशमनाचाही नियम विचारा. जिथे इंटरनॅशनल फायर कोड लागू आहे तिथे वाट २० फूट रुंद आणि १५० फुटांपेक्षा लांब बंद वाटेला गाडी वळवायची सोय, अशी अट असते. एका घरासाठी बऱ्याच काउंट्या रुंदीत सूट देतात, पण ती लेखी घ्या.

---

उत्तर (ट्रसवाला)

तयार प्लॅनबद्दल. प्लॅन वाईट नसतो, तो तुमच्या गावचा नसतो. बिल्डिंग विभागाला विचारून तीन गोष्टी लिहून घ्या: जमिनीवरचा बर्फभार, वाऱ्याचा वेग आणि फ्रॉस्टची खोली (हिवाळ्यात जमीन किती खोल गोठते ती). हे आयआरसीच्या (इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड, घरबांधणीची नियमावली) आर३०१.२ तक्त्यात काउंटीने भरलेले आकडे असतात. कोडची कोणत्या वर्षाची आवृत्ती लागू आहे तेही विचारा, कारण शेजारच्या दोन काउंट्यांत ती वेगळी असू शकते. मिनेसोटात फूटिंगची (पायाचा तळ) खोली दक्षिणेला ४२ इंच आणि उत्तरेला ६० इंच आहे. दक्षिणेकडच्या राज्यासाठी काढलेल्या प्लॅनमध्ये तेच फूटिंग १२ इंचांवर दाखवलेलं असतं. असा प्लॅन पहिल्याच तपासणीत परत येतो.

छताचे ट्रस (छत तोलणारे त्रिकोणी सांगाडे) प्लॅनवर नुसते काढून भागत नाही. ट्रस बनवणारा कारखाना तुमच्या बर्फभाराप्रमाणे प्रत्येक ट्रसचं ड्रॉइंग करतो, त्यावर इंजिनिअरचा शिक्का असतो. काही काउंट्या ते अर्जासोबतच मागतात, काही फ्रेमिंगच्या इन्स्पेक्शनपर्यंत थांबतात. मंजूर ट्रस साइटवर कापायचा नाही, डक्टला (हवा खेळवायची नळी) आडवा येतो म्हणूनसुद्धा नाही.

तपासनीस सगळ्यात आधी काय बघतो? बेडरूमची खिडकी. उघडल्यावर मोकळी जागा किमान ५.७ चौरस फूट (जमिनीलगतच्या मजल्याला ५ चालते), उंची २४ इंच, रुंदी २० इंच, आणि उघडणाऱ्या भागाची खालची कड फरशीपासून ४४ इंचांच्या आत. २० गुणिले २४ केलं तर जेमतेम ३.३ चौरस फूट भरतात, म्हणजे दोन्ही किमान मापं घेतलेली खिडकी नापास. हा गुणाकार न करता खिडक्या मागवणारे पुष्कळ.

साइट प्लॅन मात्र स्वतः काढता येतो. स्केल, उत्तर दिशा, हद्दी, प्रत्येक बांधकामाचं हद्दीपासूनचं अंतर, बोअर, टाकी, ड्रेनफील्ड, राखीव जागा, ड्राइव्हवे, ईझमेंट (तुमच्या जमिनीतून दुसऱ्याला जायचा किंवा लाइन न्यायचा हक्क असलेला पट्टा), आणि पाणी कुठे वाहून जातं त्याचे बाण. अंतरं आकड्यात लिहा, ‘स्केलने मोजा’ असं सोडू नका. सेप्टिकच्या अर्जातला साइट प्लॅन आणि बिल्डिंगच्या अर्जातला साइट प्लॅन एकच असू द्या. घर दहा फूट सरकवलं आणि एकाच कागदावर बदललं, तर दोन विभाग एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

---

माळरान

खूपच कामाचं. वर्कशॉप आणि मालकाच्या नावावरच्या परमिटबद्दल कुणी सांगेल का? टेक्साससारख्या ठिकाणी परमिटच लागत नाही असंही वाचलं.

---

उत्तर (धुरेवरचा)

शेतीची सूट इमारतीच्या आकाराला नसते, वापराला असते. गवत, अवजारं, जनावरं यांसाठी असेल तर सूट. गाड्या दुरुस्त करायच्या, सुतारकाम करायचं, तर ते घराचं ॲक्सेसरी, म्हणजे जोड, बांधकाम. आयआरसीच्या अलीकडच्या आवृत्त्यांत २०० चौरस फुटांपर्यंतच्या एकमजली शेडला परमिट लागत नाही. काही राज्यांनी ती मर्यादा १२० ठेवली आहे. तुमचं १२०० आहे. आणि खरी शेतीची इमारत असली तरी सूट फक्त बिल्डिंग कोडमधून मिळते. सेटबॅक, पूरक्षेत्र आणि विजेचं परमिट सुटत नाही. शेतीची सूट घेऊन बांधून मागाहून आत संडास आणि झोपायची खोली काढणं हा सगळ्यात महाग प्रकार, कारण झाकलेल्या फूटिंगचं आणि वायरिंगचं इन्स्पेक्शन नंतर कुणी करून देत नाही. उघडून दाखवा म्हणतात.

अजून एक: बऱ्याच काउंट्यांत मुख्य घराचं परमिट निघाल्याशिवाय रिकाम्या जागेवर ॲक्सेसरी बांधकामाला परवानगी नाही. ‘आधी वर्कशॉप बांधू, सामान ठेवू, मग घर’ हा बेत तिथे अडतो. दोन्ही अर्ज एकत्र टाका.

टेक्सासात काउंट्यांना सहसा झोनिंगचा अधिकार नाही आणि शहराबाहेर परमिटची कटकट कमी आहे, हे खरं. पण सेप्टिक आणि पूरक्षेत्राचे नियम तिथेही आहेत. शिवाय काउंटीने विचारलं नाही तरी कर्ज देणारी बँक आणि विमा कंपनी विचारतात. अशा ठिकाणी स्वतंत्र इन्स्पेक्टर पैसे देऊन नेमणं फायद्याचं.

---

उत्तर (पाणसळ)

मालकाच्या नावावर परमिट: स्वतः राहण्यासाठीच्या घराला पुष्कळ राज्यांत मिळतं. शपथपत्र द्यावं लागतं, आणि काही राज्यांत बांधून लगेच विकायला अटकाव असतो. वीज आणि प्लंबिंग स्वतः करता येईल का, हा प्रश्न वेगळा विचारा. कित्येक ठिकाणी त्यांना लायसन्सवालाच लागतो. कामावर माणसं लावलीत आणि कुणी पडलं, तर जबाबदारी परमिट ज्याच्या नावावर त्याच्यावर येते, एवढं ध्यानात घेऊन विम्याचं आधी बघा.

परमिट हाती आल्यावरचं थोडं. साधारण नियम असा की १८० दिवसांत काम सुरू झालं नाही किंवा मध्ये तेवढे दिवस बंद पडलं, तर परमिट संपतं. अर्ज अर्धवट पडून राहिला तर त्यालाही अशीच मुदत असते. मुदतवाढ मिळते, पण संपायच्या आधी लेखी मागितली तर. जमीन खूप गोठते अशा भागात हिवाळ्याच्या तोंडावर परमिट उचलू नका.

खणायच्या आधी ८११ ला फोन (जमिनीखालच्या वायरी आणि पाइप कुठे आहेत त्याच्या खुणा करून देणारी सेवा). तो फुकट आहे, पण त्यांना खुणा करायला काही कामाचे दिवस द्यावे लागतात. तुमच्या जागेतल्या खासगी वायरी आणि पाइप ते दाखवत नाहीत.

फूटिंगचं इन्स्पेक्शन काँक्रीट ओतायच्या आधी असतं: चर साफ, तळाला सैल माती किंवा पाणी नाही, सळया खुर्च्यांवर (सळयांखाली ठेवायचे छोटे आधार) उचललेल्या. त्याच वेळी अर्थिंगही बघतात. फूटिंगमधल्या सळईलाच अर्थिंग करायचं असतं. अर्धा इंची सळई, किमान २० फूट सलग, आणि तिचं एक टोक किंवा तांब्याची तार विजेचं पॅनेल येणार त्या भिंतीपाशी वर काढलेली. ते टोक काढायचं राहिलं आणि काँक्रीट पडलं की गेलं. इलेक्ट्रिशियन अजून ठरलेला नसतो आणि फूटिंगवाला म्हणतो ते माझं काम नाही, म्हणून हे हमखास राहतं.

मग स्लॅबखालचं प्लंबिंग, गळतीची टेस्ट लावलेल्या स्थितीत. त्यानंतर ओल अडवायला स्लॅबखालचं प्लास्टिक. २०२१ च्या आयआरसीत ते १० मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) झालं आहे, दुकानांत अजून ६ मिलचे रोल सर्रास मिळतात. फ्रेमिंगचं इन्स्पेक्शन वायरिंग, पाइप, डक्ट टाकून झाल्यावर, कारण कुणी कुठला जॉइस्ट (आडवी तुळई) किती कोरला ते तेव्हाच कळतं. इन्सुलेशन, मग फायनल. ग्रामीण काउंटीत एकच इन्स्पेक्टर अख्खी काउंटी फिरतो आणि तुमच्या दिशेला आठवड्यातून ठरावीक वारीच येतो. ते वार आधी विचारा आणि काँक्रीटचा ट्रक त्याच्या दुसऱ्या दिवशी बोलवा, त्याच दिवशी नको. मंजुरीचा शिक्का असलेला प्लॅनचा संच साइटवर कोरडा ठेवा. तो नसेल तर बरेच इन्स्पेक्टर गाडीतून उतरत नाहीत.

वीज कंपनी कायमचा मीटर काउंटीने मोकळीक कळवल्यावरच लावते, आणि आरोग्य विभागाची सेप्टिकची अंतिम सही नसेल तर राहण्याचा दाखला मिळत नाही. ती सही टाकी आणि ड्रेनफील्ड उघडं असताना होते. मातीने झाकायची घाई करू नका.