मदत हवी आहे: गॅस फिटिंगचे तीन अंदाज आले, तिन्हींत ताळमेळ नाही

नमस्कार मंडळी,

घराचं नूतनीकरण काढलंय. स्वयंपाकघराची मांडणी बदलते आहे, त्यामुळे मीटरपासून शेगडीपर्यंतची गॅसची लाइन नव्याने टाकायची आहे. भिंती उघडणारच आहेत तर आंघोळीच्या पाण्यासाठी गॅसचा गीझरही लावून घ्यावा, असं घरात ठरलं. आमच्याकडे गॅस नळाने येतो, सिलिंडर नाही. मीटर ते शेगडी भिंतीच्या कडेने मोजलं तर ११ मीटर भरतं. साधारण निम्म्या वाटेवर, ६ मीटरच्या आसपास, गीझरसाठी फाटा निघेल आणि तिथून पुढे आणखी ४ मीटर.

तीन फिटरांनी जागा बघून अंदाज दिले. पहिल्याने कागदावर एकच ओळ लिहिली, ‘गॅस पाइपिंग संपूर्ण’, आणि समोर रक्कम. दुसऱ्याने पाइपाच्या दर मीटर लांबीमागे एक दर आणि पॉइंटमागे, म्हणजे शेगडी किंवा गीझर जोडायच्या प्रत्येक जागेमागे, एक दर दिला. बेरीज केली तर ती पहिल्याच्या दीडपट होते. तिसऱ्याने दोन पानांची यादी धाडली. त्याची रक्कम पहिल्याच्या दुपटीच्याही वर, आणि खाली बारीक अक्षरात ‘फोडकाम व भिंतीची दुरुस्ती यात धरलेली नाही’. तिघेही परवानाधारक आहेत, तेवढं तपासलं आहे.

घर तेच, अंतर तेच, मग एवढी तफावत कशामुळे? आकडे कोणी सांगू नका, दर जागोजागी वेगळे असणार हे कळतं. पण किंमत नेमकी कशावर हलते आणि तिघांना काय विचारलं म्हणजे तुलना करता येईल, एवढं कोणी जाणकाराने सांगितलं तर उपकार होतील.

*

पाना_पकड: याच धंद्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही सगळा भर पाइपाच्या लांबीवर दिलाय. अंतराला महत्त्व आहेच, पण त्याआधीचा प्रश्न असा की त्या पाइपातून तासाला गॅस किती जायचा आहे. चार बर्नरची शेगडी सगळी मोठी केली तर ८ किलोवॅटच्या आसपास जाते. मिनिटाला १० लिटर पाणी तापवणारा गीझर एकटाच २० किलोवॅट खातो. नैसर्गिक वायूच्या हिशेबात शेगडीला तासाला ०.८ घनमीटर आणि गीझरला २ घनमीटर. म्हणजे गीझर आला की त्याच लाइनवरचा भार साडेतीनपट झाला.

आता घरात येणाऱ्या गॅसचा दाब किती असतो? २० मिलिबारच्या आसपास, म्हणजे नळीत पाणी जेमतेम २० सेंटिमीटर वर चढवेल इतकाच. त्यातला पाइपात घासून वाया जाऊ द्यायचा तो १ मिलिबार, असा हिशेब बऱ्याच ठिकाणी धरतात. गॅस साडेतीनपट झाला की ही घट साडेतीनपट होत नाही, सुमारे दहापट होते. तिला आवर घालायचा म्हणजे पाइप जाड करायचा. १५ मिलिमीटरच्या जागी २२ चा तांब्याचा पाइप टाकला तर तेवढ्याच गॅसला घट साधारण सातव्या हिश्शावर येते, कारण आतला व्यास थोडा वाढला तरी घट त्याच्या पाचव्या घाताने उतरते. पण २२ चा पाइप महाग, त्याचे एल्बो (वळणाचे तुकडे) महाग, टी (फाटा काढायचा तुकडा) महाग, व्हॉल्व्ह महाग.

म्हणून सगळ्यात आधी पहिल्या गृहस्थाला विचारा: पाइप किती मिलिमीटरचा धरलाय आणि त्यात गीझर आहे का? तुमच्या ११ मीटरवर शेगडीपुरता १५ चा पाइप चालून जाईल. गीझरसकट चालणार नाही.

दुसरं म्हणजे वळणं. पाइप मोजताना लोक फक्त टेप लावतात. आम्ही प्रत्येक काटकोनी एल्बोमागे अर्धा मीटर जास्तीचा धरतो, कारण गॅसला तिथे तेवढाच अडथळा होतो. खांब, बीम आणि दाराची चौकट चुकवत गेलेल्या ११ मीटरमध्ये आठ एल्बो आले तर हिशेबाला तो १५ मीटरचा पाइप झाला. शिवाय प्रत्येक एल्बो म्हणजे दोन जोड, आणि आमचा वेळ जातो तो जोडांवर. सरळ पाइप क्लिपा मारून लावायला कितीसा वेळ लागतो?

*

उघडीप: माझ्या मते इतका काथ्याकूट करायची गरज नाही. नळकाम करणारा ओळखीचा माणूस असेल तर तो पाण्याच्या लाइनबरोबर गॅसचीही टाकून देतो. पाइप तो पाइपच. परवान्याचेच निम्मे पैसे लावतात हे लोक.

*

पाना_पकड: उघडीप, पाण्याचा जोड झिरपला तर भिंतीला ओल येते आणि दिसते. गॅसचा जोड झिरपला तर खोलीतल्या हवेत ५ टक्के मिथेन जमेपर्यंत डोळ्यांना काहीच दिसत नाही. त्यापुढे एक ठिणगी पुरते. परवान्याचे पैसे असतात हे खरं, पण त्या पैशांत माणूस सही करतो आणि जबाबदारी घेतो. सहीचा कागद नसेल तर गॅस कंपनी मीटर चालू करून देईल का, आणि उद्या काही झालं तर विमावाले काय म्हणतील, हे आधी विचारून घ्या.

*

आडवी_वीट: मी घरांच्या अंतर्गत कामांचे नकाशे करते, त्या बाजूने थोडं.

पाइप दिसता ठेवायचा की भिंतीत गाडायचा, यावर खर्च फार बदलतो आणि अंदाजपत्रकात तो सहसा दुसऱ्याच कोणाच्या नावावर पडतो. भिंतीत घ्यायचा म्हटलं की झिरी (पाइपासाठी खाच) मारणारा, पाइपाला गंजरोधक वेष्टन, पुन्हा गिलावा, टाइल, रंग असं सगळं आलं. तिसऱ्या फिटरने हे वगळलंय असं लिहून तरी दिलंय. पहिल्याने धरलंय की नाही ते तुम्हाला माहीतच नाही.

आणि लपवायचाच असेल तर मधले जोड भिंतीत गाडलेले नकोत, भिंतीच्या आत अखंड पाइप जायला हवा. भिंत आरपार ओलांडताना बाहेरून एक मोठा पाइप, म्हणजे स्लीव्ह, घालतात. त्याचा खर्च किरकोळ आहे, पण घाईत तोच गळतो. मी तर क्लायंटला नेहमी सांगते, ओट्याखालून आणि कपाटांच्या मागून वाट काढा. पाइप दिसतही नाही, फोडावंही लागत नाही, आणि हात पोचतो. मात्र ते कपाट पूर्ण बंद नको, हवा खेळायला जाळी ठेवा.

*

धागाकर्ता: बापरे, बरंच कळलं. पहिल्या फिटरला फोन केला. त्याचं उत्तर: “१५ चा टाकतो, शेगडीसाठी भरपूर आहे, गीझर नंतर जोडता येईल.” म्हणजे गीझर धरलेलाच नव्हता. तोंडी बोलणं झालं होतं, कागदावर नव्हतं.

दुसरा तांब्याचा पाइप म्हणतोय, तिसरा आटे पाडलेला लोखंडी. मला वाटलं होतं लोखंडी स्वस्त पडेल. मग तिसऱ्याचा आकडा जास्त कसा? आणि त्याच्या यादीत ‘चाचणी’ म्हणून बरीच मोठी रक्कम आहे. जोडांना साबणाचा फेस लावून बघायला एवढे पैसे?

*

पाना_पकड: क्रमाने घेतो.

लोखंडी पाइप माल म्हणून स्वस्त, पण मजुरीला भारी. प्रत्येक तुकडा मापाने कापायचा, आटे पाडायचे, सील लावून आवळायचा, आणि मधला एक तुकडा बोटभर चुकला की तो बाद. तांब्याचा माल महाग पण हात भराभर चालतो. ब्रेझिंग (धातू वितळवून जोड सांधणं) करणारा कसबी हवा, नाहीतर प्रेस फिटिंगचं, म्हणजे जोड दाबून बसवायचं, मशीन हवं. लवचीक नालीदार स्टीलचा पाइपही मिळतो. त्याला जोड कमीत कमी लागतात, त्यामुळे वेळ वाचतो. पण त्याचे फिटिंग ज्या कंपनीचा पाइप त्याच कंपनीचे लागतात आणि त्याला अर्थिंग नीट करावं लागतं, वीज पडून तो पातळ पाइप भोकसल्याचे प्रकार झालेले आहेत. थोडक्यात मालाच्या भावावरून कामाचा भाव काढू नका. मजुरी महाग असेल तिथे तांबं परवडतं, स्वस्त असेल तिथे लोखंड.

आता चाचणी. फेस लावणं हा त्यातला शेवटचा, सोपा भाग. आधी लाइनची सगळी तोंडं बंद करून आत हवा भरायची (ऑक्सिजन कधीही नाही, भरणारा भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा), मॅनोमीटर (दाब मोजायचं साधन) लावायचा आणि काटा किंवा पाणी हलतंय का बघत थांबायचं. हे थांबणं लोकांना खुपतं. पण आतली हवा एका अंशाने गार झाली तरी दाब साडेतीन मिलिबारने उतरतो. आत्ताच ब्रेझिंग केलेली किंवा उन्हात तापलेली लाइन लगेच तपासली तर नसलेली गळती दिसेल, नाहीतर असलेली गळती दिसणार नाही. म्हणून तापमान स्थिरावू द्यावं लागतं. त्या वेळात फिटर तुमच्या घरी नुसता बसलेला दिसेल, आणि पैसे त्या थांबण्याचेच आहेत. मी तर म्हणेन, ज्याने चाचणी वेगळी लिहिलीय त्याला गुण द्या.

भिंत बंद करायच्या आधी एक चाचणी आणि सगळं जोडून झाल्यावर दुसरी, अशा दोन आहेत का तेही विचारा. तिसऱ्याच्या यादीत रक्कम मोठी आहे ती बहुधा यामुळे.

आणि एक मुद्दा जो अजून कोणीच काढला नाही. मीटरनंतरचा जुना पाइप थोडासा तरी वापरात राहणार आहे का? जुन्याला नवं जोडलं की चाचणी सगळ्या लाइनची होते. जुना भाग गळका निघाला तर तो दुरुस्त केल्याशिवाय कोणी सही करणार नाही, आणि हा खर्च कोणाचा यावरून भर कामात भांडण होतं. आधी जुन्या लाइनची एकटीची चाचणी करून घ्या. किरकोळ पैशांत होते, आणि अंदाजपत्रक मग अंदाज राहत नाही.

*

आडवी_वीट: गीझर कुठे बसवताय? बाथरूममध्येच का?

*

धागाकर्ता: हो, बाथरूममध्येच, शॉवरशेजारच्या भिंतीवर. छोटी खिडकी आहे. जुना पाइप मीटरजवळचा दीड-दोन मीटर तसाच ठेवायचा विचार होता, तो आधी तपासून घेतो.

*

पाना_पकड: तिथे नको. पैशांचा विषय जरा बाजूला ठेवा.

१ घनमीटर गॅस नीट जळायला जवळजवळ १० घनमीटर हवा लागते. तुमचा गीझर पूर्ण चालला तर तासाला २० घनमीटर हवा मागणार. छोट्या बाथरूममध्ये एकूण हवाच ८-१० घनमीटर असते, आणि माणूस दार-खिडकी लावून आंघोळ करतो. सगळी हवा संपायची वाट बघावी लागत नाही. ऑक्सिजन थोडा कमी झाला की ज्वाला नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड होऊ लागतो. त्याला वास नाही. गॅसला वास असतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला, जळून झालेल्या धुरात तो राहत नाही.

गीझर बाहेरच्या मोकळ्या हवेत लावा, म्हणजे मोकळ्या बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीवर, तशा जागेसाठी बनवलेला. आतच लावायचा असेल तर बंद ज्वालाकक्षाचा घ्या, जो हवा बाहेरून ओढतो आणि धूरही बाहेरच सोडतो. तो उपकरण म्हणून महाग, त्याच्या धुराड्याचे पैसे वेगळे, आणि भिंतीला भोक पाडावं लागतं. तुमच्या तीनपैकी एकाच्याही अंदाजात धुराडं असेल असं मला वाटत नाही, कारण तिघांनाही तुम्ही पाइप विचारलाय.

*

उघडीप: हे माहीत नव्हतं. आमच्याकडचा आतच आहे. उद्याच कोणाला तरी बोलावतो.

*

पाना_पकड: तोवर बंद ठेवा. खिडकी उघडी ठेवून चालेल असं नाही, बंदच.

*

धागाकर्ता: बाथरूमच्या मागच्या बाजूला मोकळी बाल्कनी आहे. तिथे नेला तर फाटा ४ च्या ऐवजी अंदाजे ६ मीटरचा होईल आणि गरम पाण्याचा पाइप भिंतीतून आत येईल. धुराड्याचा प्रश्न मिटेल ना?

तिघांना आता एकच कागद देतो: शेगडी ८ आणि गीझर २० किलोवॅट दोन्ही एकदम चालतील असा पाइप, कुठल्या टप्प्यात किती मिलिमीटर ते लिहून, दोन चाचण्या, प्रत्येक उपकरणाआधी वेगळा व्हॉल्व्ह, फोडकाम आणि दुरुस्ती कोणाकडे, आणि शेवटी सहीचा कागद. अजून काही?

*

पाना_पकड: मिटेल, पण त्या बाल्कनीला उद्या काचा लावून बंद करायची नाही, हे घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा. धूर बाहेर पडतो त्या बाजूला खोलीची खिडकी अगदी लागून नको.

कागदात दोन भर घाला. मीटर तासाला तेवढा गॅस देऊ शकतो का ते गॅस कंपनीकडून लेखी घ्या. मीटर बदलावा लागला तर तो खर्च फिटरचा नसतो आणि त्याला वेळही लागतो. आणि मीटरपासून फाट्यापर्यंत २२, गीझरच्या फाट्यालाही २२, पण टी पासून पुढे शेगडीकडच्या ५ मीटरला १५ पुरेल. कोणी सगळीकडेच २२ धरला असेल तर तेवढे पैसे कमी करायला सांगा.

*

आडवी_वीट: भिंती बंद करण्याआधी टेप लावून सगळ्या लाइनचे फोटो काढून ठेवा. पुढे कपाटाला ड्रिल मारणाऱ्याला ते दाखवता येतात.

*

धागाकर्ता: ठीक. बाल्कनीचं माप घेतो, जुन्या तुकड्याची चाचणी करून घेतो आणि सुधारलेले तिन्ही अंदाज आले की इथेच टाकतो.