बॅगेत आडवा पडला तरी न गळणारा कॉफीचा मग कोणता?

सकाळची_गाडी

बदलापूर ते सीएसएमटी, रोजचा प्रवास. सोबत २५० मिली दुधाची कॉफी न्यायची आहे. बॅग रॅकवर जाते, त्यामुळे मग उभा राहील याची खात्री नाही, आणि त्याच बॅगेत लॅपटॉप असतो. सध्याच्या मगावर 'लीकप्रूफ' छापलेलं आहे. नळाचं पाणी भरून उलटा धरला तर एक थेंब पडत नाही. गरम कॉफी भरली की मात्र अर्ध्या तासात झाकणाच्या कडेला ओल येते आणि उघडताना फसकन उडते. झाकण तेच, रबर तेच, मग असं का?

नवीन घेताना तीन प्रकार डोळ्यांसमोर आहेत: आट्यांचं साधं बूच असलेला छोटा थर्मास, बटण दाबलं की टोपण उघडणारा लॉकवाला मग, आणि कुठल्याही बाजूनं पिता येणारा '३६०'. एका हातानं पिता आलं तर उत्तम, पण आधी गळती थांबायला हवी.

झाकणवाला

फरक कॉफीचा नाही, उष्णतेचा आहे. मग बंद करताना कॉफीच्या वर जी हवा अडकते, ती कॉफीपेक्षा थंड असते. ती तापून फुगते, शिवाय वाफेची भर पडते. ८० अंश सेल्सिअसला नुसत्या वाफेचा दाबच बाहेरच्या हवेच्या दाबाच्या जवळपास निम्मा असतो. दोन्ही मिळून आतला दाब बाहेरच्या दीडपटीपर्यंत जाऊ शकतो. मग उभा असेल तर झाकणातून निसटते ती वाफ, म्हणून कळत नाही. आडवा पडला की तोच दाब कॉफीला रबरावर ढकलतो. गाडीच्या हिसक्यांनी कॉफी हिंदकळली की हवा आणखी झपाट्यानं तापते. थंड पाण्यात यातलं काहीच घडत नाही, म्हणून ती परीक्षा अर्धीच.

यावर निम्मा इलाज भरण्याच्या पद्धतीत आहे. आधी मगात उकळतं पाणी ओतून दोन-तीन मिनिटं ठेवा आणि फेकून द्या. मग कॉफी भरा, पण गळ्यापर्यंत नको. बुचाचा आत जाणारा भाग जिथं येतो त्याच्याखाली दोन सेंटिमीटर जागा मोकळी सोडा. झाकण फिरवून बसवा, मात्र पिण्याचं तोंड उघडंच ठेवा. एक मिनिट वाफ जाऊ द्या आणि नंतर तोंड बंद करून लॉक लावा. आतली हवा आधीच तापलेली असल्यामुळे पुढे फुगायला फारसं काही उरत नाही. उघडतानाही मग सरळ उभा धरून आधी तोंड थोडंसंच उघडा, सुस्कारा बाहेर पडू द्या, मगच तोंडाला लावा.

आता निवडीबद्दल. 'लीकप्रूफ', 'स्पिलप्रूफ' आणि 'स्प्लॅशप्रूफ' हे तीन शब्द खोक्यावर एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात. शेवटच्या दोघांचा अर्थ एवढाच, की टेबलावर मग कलंडला तर सगळी कॉफी एकदम सांडणार नाही. वर सरकपट्टी असलेली, नुसती दाबून बसवायची झाकणं या जातीची. त्या पट्टीखाली बहुतेकदा रबरच नसतं. गाडीच्या कपहोल्डरला ती ठीक, बॅगेत नको. कॅफेत मिळणारे सिलिकॉनच्या पट्ट्याचे कपसुद्धा यातच धरा.

तुमच्या तिघांत गळतीपुरतं बोलायचं तर साधं बूच पहिलं. त्यात गळू शकेल अशी एकच जागा असते. लॉकवाल्या टोपणात तीन: झाकणाची मोठी रिंग, तोंडावरचं छोटं रबर, आणि हवा आत घ्यायच्या भोकावरची इवलीशी गुंडी. '३६०'मध्ये मधली तबकडी स्प्रिंगनं वर-खाली होते आणि पूर्ण परिघावर एक पातळ रबर टेकतं. तेवढ्या लांब परिघात साखरेचा एक कण कुठंही बसला तरी झिरपतं.

तरीही एका हातानं प्यायचं असेल तर लॉकवालाच घ्या. फक्त लॉक ही वेगळी कडी किंवा सरकती कळ हवी, टोपणावरून अडकणारी. बटणाची नुसती स्प्रिंग म्हणजे लॉक नव्हे. भरलेल्या डब्यात बॅग कुणाच्या कोपरानं दाबली गेली की ते बटण दाबलं जाणारच.

डिकॉक्शन

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण दुधाचा मुद्दा राहिला. काळ्या कॉफीला न गळणारा मग दुधाच्या कॉफीला गळू शकतो. झाकण उलटं करून रबर काढा आणि ते बसतं ती खाच उजेडात बघा. सायीचा पिवळट धागा किंवा साखरेचा चिकट थर दिसेल. रबर खाचेत पूर्ण टेकत नाही म्हणजे वरच्या बाजूनं एक केसाएवढी वाट राहते. तेवढी पुरते. म्हणून दुधाची कॉफी गाळूनच भरा आणि साखर आधी पूर्ण विरघळवा.

रबर परत बसवताना नीट बघा, कारण बऱ्याच झाकणांची रिंग दोन्हीकडून सारखी नसते. एका कडेला पातळ ओठ असतो. तो साधारणपणे मगाच्या आतल्या बाजूला, म्हणजे खाली वळलेला असतो, म्हणजे आतला दाबच त्याला भिंतीशी चिकटवतो. उलटी बसवली तरी झाकण लागतं, घट्टही वाटतं, आणि गळतं. नवीन आणल्यावर रबर पहिल्यांदा काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. हे सगळ्यात स्वस्त औजार!

रोज संध्याकाळी घरी आल्यावर झाकण पूर्ण सुटं करायचं. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, हवेच्या भोकासाठी बारीक ब्रश. भोक चोंदलं तर कॉफी धारेनं न येता घुटक्या-घुटक्यानं येते आणि अंगावर उडते, ती खूण ओळखा. रात्रभर मग, झाकण आणि रबर वेगवेगळे वाळत ठेवायचे. ओलं रबर खाचेत बसवून ठेवलं की बुरशीचे काळे ठिपके येतात. ते सिलिकॉनमध्ये आतवर गेले तर घासून जात नाहीत, रबरच बदलावं लागतं.

वास आला तर २५० मिली गरम पाण्यात एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा, अर्धा तास, झाकण उघडं ठेवून. रबर त्याच पाण्यात टाका. तळाशी पांढरा क्षार बसला असेल (बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यावर राहणाऱ्यांना हे होतंच) तर सोड्यानं जात नाही. तिथं लिंबूफूल हवं, तेवढ्याच पाण्यात एक चमचा. दोन्ही एकत्र करून झाकण लावायचा उद्योग कुणी करू नये. गॅस होतो आणि बूच उडतं. क्लोरीनवाला ब्लीच आणि तारेची घासणी स्टीलला वर्ज्य.

आणखी एक. दुधाची कॉफी भरल्यापासून तीन-चार तासांत संपवा. ६० अंशांच्या खाली आली की दुधात जंतू वाढायला लागतात, आणि चांगला थर्मास तिला नेमका त्याच कोमट पट्ट्यात तासन् तास ठेवतो. उरलेली कॉफी दिवसभर बंद राहिली तर गॅस धरते. ताक न्यायलाही हा मग वापरू नका, कारण तेच. गुळाची कॉफी किंवा चहा तर मगात फाटायचीच शक्यता जास्त. गूळ असेल तर दूध वेगळं न्या.

कोथरूड_दुचाकी

'३६०' इतका वाईट नाही. उभा राहणार असेल आणि रोज सुटा करून धुतला जात असेल तर पिण्याच्या सोयीला तोड नाही. पण आडवा पडणार हे ठरलेलंच असेल तर माझंही मत नको असंच.

विकत आणल्याच्या दिवशी, परत करायची मुदत असतानाच, ही तपासणी करा. मग उकळत्या पाण्यानं भरा, वर सांगितलेली जागा सोडून, पण या वेळी वाफ जाऊ न देता लगेच बंद करा. मोरीत किंवा सिंकमध्येच. बाहेरून कोरडा पुसा, टिश्यूपेपर गुंडाळा, दहा-बारा वेळा हलवा आणि अर्धा तास आडवा ठेवा. मग टिश्यू कुठं भिजला ते बघा. झाकण आणि मग यांच्या सांध्यात भिजला तर मोठी रिंग. चोचीपाशी भिजला तर तोंडावरचं रबर. टोपणाच्या बिजागरीजवळ ओल असेल तर बहुधा हवेच्या भोकाची गुंडी. पहिल्या दोन ठिकाणी रबर काढून-घालून पुन्हा बघा. तिसऱ्या ठिकाणी गळत असेल तर सरळ परत करा, ती गुंडी सहसा सुटी मिळत नाही.

याच वेळी दुसरी तपासणी होते. दहा मिनिटांनी मगाचा मधला भाग आणि तळ हाताला गरम लागतो का बघा. गळ्याशी, जिथं आतली आणि बाहेरची भिंत जोडलेली असते, तिथं ऊब लागणारच. पण अंगाला चटका बसला तर दोन भिंतींमधली निर्वात पोकळी गेलेली आहे. ती घरी दुरुस्त होत नाही. मग तळावर आपटून पोचा आला की हे होऊ शकतं, म्हणून तळाला सिलिकॉनचा बूट असलेला मग घेतला तर बरं.

आटे मोजा. झाकण पाऊण फेऱ्यातच लागत असेल तर दुचाकीच्या थरथरीनं सैल होण्याची भीती. दीड-दोन फेरे हवेत.

मापाबद्दल: २५० मिली कॉफीसाठी ५०० मिलीचा थर्मास घेऊ नका. अर्धा रिकामा म्हणजे वर हवा जास्त, कॉफी लवकर निवते. ३०० ते ३५० मिलीचा बघा. आणि 'चोवीस तास गरम'वर जाऊ नका, ते आकडे मोठ्या बाटल्यांचे असतात आणि छोट्या मगाची उष्णता झाकणातूनच जास्त जाते. तासा-दीड तासाच्या प्रवासाला उलटीच अडचण येते, प्यायला घ्याल तेव्हा जीभ भाजेल इतकी गरम राहते. उकळती न भरता पाच मिनिटं पातेल्यातच थांबू द्या, ७०-७५ अंशांवर भरा. दाबही कमी होतो.

सकाळची_गाडी

फोटो काढून मग रबर उपसलं. ओठ वर होता, म्हणजे उलटी रिंग. सरळ केल्यावर उकळत्या पाण्यानं अर्धा तास आडवा ठेवला, सांध्याची ओल बंद. चोचीपाशी मात्र अजून टिश्यूवर नाण्याएवढा डाग येतोय.

दोन शंका. झाकण जोर लावून आवळलं तर उपयोग होईल का? आणि तोंडावरचं रबर सुटं मिळत नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातली ओ-रिंग किंवा बाथरूमचं सिलिकॉन चालेल का?

झाकणवाला

दोन्ही नको. सिलिकॉन मऊ असतं, जास्त आवळलं की पिळवटून खाचेतून बाहेर येतं आणि पुढच्या वेळी दुमडून बसतं. कुकरची रिंग ताणली गेली की शिटी व्हायच्या आधीच कडेनं वाफ सोडते, तसंच. रबर टेकल्याचं हाताला कळलं की पुढे पाव फेरा, बस. शिवाय कॉफी निवताना आतला दाब उतरतो आणि झाकण आत ओढलं जातं. आवळलेलं झाकण मग संध्याकाळी हलत नाही. तसं झालं तर आधी पिण्याचं तोंड उघडा, हवा आत गेली की झाकण सुटतं.

ओ-रिंग आणि बाथरूमचं सिलिकॉन खाण्यापिण्यासाठी बनवलेलं नसतं, गरम दुधाला तर नकोच. मगाचा मॉडेल क्रमांक तळाशी असतो, त्यावरून अख्खं झाकण वेगळं मिळतं का ते कंपनीकडे विचारा.

ते मिळत नसेल तर नवीन घेताना सुटं झाकण किंवा रबर मिळतं का हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा, रंग आणि आकार नंतर. आतल्या स्टीलवर ३०४ किंवा १८/८ लिहिलेलं बघा. लोहचुंबकानं खात्री करायला जाऊ नका. २०१ जातीचं स्वस्त स्टीलही चुंबकाला बहुधा चिकटत नाही, आणि ३०४ ताणलेल्या जागी किंचित चिकटू शकतं.

डिकॉक्शन

झाकण मागवायच्या आधी चोचीचं रबर दहा मिनिटं उकळत्या पाण्यात टाकून बघा. त्यावर दुधाचा चिवट थर असेल तर तो सुटतो आणि दबून बसलेली कडही काही वेळा पुन्हा उभी राहते. पूर्ण वाळवून बसवा आणि परत टिश्यू लावा. डाग तेवढाच राहिला तर रबर कडक झालंय असं समजा. तोवर लॅपटॉप असलेल्या बॅगेत हा मग नको, बाहेरच्या बाटलीच्या खिशात उभा ठेवा.